सुलक्षणाबाईंचा नियम

सुलक्षणाबाई मूळच्या धुळ्याच्या. आमच्या असोद्याच्या हायस्कुलात त्या मराठी शिकवतात, मी गणित. शनिवारी शेवटच्या दोन तासांना त्या मुलांकडून घरच्या बोलीत कविता लिहून घेतात, वाचून घेतात. नियम एकच: ज्याच्यावर कविता, त्याला आधी ऐकवायची, मगच वर्गात. मी टोमणा मारायचो, "बाई, कवितेनं कुणाचे मार्क वाढलेत?" त्या नुसत्या हसायच्या. मला त्या हसण्याचा रागच यायचा.

दहावीतल्या भूमिकाने आपल्या आबांवर लिहिलं, पण ऐकवायला धजेना. केळीची बाग राखणारे लीलाधर आबा म्हणजे जमदग्नी. दहावीनंतर पोरीने जळगावला शिकायला जायचं नाही, हे त्यांनी ठरवूनच टाकलेलं. बाईंनी तिची वही कपाटात ठेवली. "तयार होईल तेव्हा वाचेल," म्हणाल्या.

आणि मी काय केलं? बसस्टँडवर आबा भेटले, तर गंमत म्हणून बोलून गेलो, "आबा, नात तुमच्यावर कविता करते बरं!" जिभेला हाड नसतं, माझ्या तर मुळीच नाही.

त्या शनिवारी आबा थेट वर्गाच्या दारात. "माह्यावर काय लिवलं इनं? सोमवारपासून शाया बंद!"

आवाज ऐकून मी शेजारच्या वर्गातून धावलो. भूमिका पांढरीफटक पडली होती. घाबरल्या की बाईंच्या तोंडून माहेरची बोली निघते. "बठ्ठं बिघडनं, सर," सगळंच बिघडलं, असं त्या पुटपुटल्या. मी खुणावलं, वही देऊ नका, काहीतरी थाप मारा. बाईंनी वही काढली. त्यांचे हात कापत होते.

"बसा आबा. नियमच आहे, आधी तुम्हीच ऐकायचं."

भूमिका उभी राहिली. मग एका दमात:

"केयीले आबा टेकू लावतात,
मले कुंपन.
आबा, म्या बी वाढू राह्यली,
मले बी टेकू लावा."

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"आखीन एकडाव वाच."

तिने वाचलं, या वेळी रडत.

"टेकू केयी वाकल्यावर नही लावत, पोरी," आबा खाली बघत म्हणाले. "आधीच लावा लागते. जयगावचं कालेज कधी उघडते?"

भूमिका आता रोज सातच्या बसने जाते.

चुगली मीच केली होती, हे मी त्या शनिवारी संध्याकाळीच बाईंना सांगून टाकलं. चिडतील असं वाटलं होतं. "मग शिक्षा म्हणून तुम्हीही लिहा," त्या म्हणाल्या, "आणि ज्याच्यावर लिहाल, त्याला आधी ऐकवा."

कविता काही जमली नाही, हे एवढंच लिहायला जमलं. काल बाईंना वाचून दाखवलं. माझेही हात कापत होते.