जत्रेच्या सुट्टीचं टिपण

माझं काम नावं खोडायचं. गावाकडे कुणी विचारलं तर ‘कॉम्प्युटरच्या सुरक्षेत आहे’ असं सांगते आणि लातूरला तेवढं पुरतं. खरं तर हिंजवडीच्या एका इमारतीत आमचं चार टेबलांचं केंद्र आहे. कंपन्या आणि सरकार मिळून ते चालवतात. एखाद्या कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये कुणी घुसलं की तिने आम्हाला कळवायचं. मी त्यातून कंपनीचं नाव, गाव, माणसं काढायची आणि उरलेलं टिपण बाकीच्या सदस्य कंपन्यांना आणि सरकारी अधिकाऱ्यांना पाठवायचं. चोर एकाकडे ज्या खिडकीतून आला, ती दुसऱ्यांनी वेळेत लावून घ्यावी, एवढाच हेतू.

कल्पना चांगली आहे. अडचण अशी की आपल्याकडे चोर शिरला हे सांगायला कुणालाच आवडत नाही. सुरुवातीच्या बैठकांना सगळे गुळगुळीत दाढ्या करून यायचे, बिस्किटं खायचे आणि मिठाची गुळणी धरून बसायचे. पहिल्यांदा तोंड उघडलं ते ताईंनी. पिरंगुटकडच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या त्या सुरक्षाप्रमुख, वय पन्नाशीचं, आवाज वर्गावर शिकवणाऱ्या बाईंचा. ‘आमच्याकडे गेल्या आठवड्यात असं झालं, चूक आमचीच होती, तुम्ही तपासून घ्या,’ असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. पुढच्या बैठकीत आणखी दोघे बोलले. वर्षभरात त्या सदस्यांच्या गटाच्या प्रमुख झाल्या. सरकारी अधिकारीसुद्धा त्यांना ताईच म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या कारखान्यावर हल्ला झाला. त्या दिवशी गावची जत्रा होती, कारखान्याला सुट्टी होती आणि कॉम्प्युटरपाशी कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी माणसं कामावर आली तेव्हा निम्म्या फायली कुलूपबंद. त्याही गडबडीत ताईंनी मला फोन केला.

“लिहून घे गं. आमची लाज नंतर झाकू, आधी बाकीच्यांना सावध कर.”

मी लिहून घेतलं. कंपनीचं नाव काढलं, पिरंगुट काढलं, काय बनवतात ते काढलं. एक ओळ मात्र मुद्दाम ठेवली: ‘स्थानिक जत्रेच्या सुट्टीमुळे कारखाना बंद असताना हा प्रकार घडला.’ मला ती उपयोगाची वाटली. चोर सुट्टी हेरून येतात हे सगळ्यांना कळायला हवं होतं. आमच्या गावच्या जत्रेला अख्खा बाजार बंद असतो, इथेही तसंच असेल असं मी धरून चालले. टिपणावर पिवळा शिक्का मारला, म्हणजे सदस्यांच्या बाहेर जायचं नाही, आणि पाठवून दिलं. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते, हेही सांगून टाकते.

चारच दिवसांत ताईंच्या कारखान्याला त्यांच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाचं पत्र आलं. हा ग्राहकही आमच्या गटाचा सदस्य. तुमच्याकडे हल्ला झाल्याचं आम्हाला कळलंय, आमचे आराखडे सुरक्षित आहेत का, ते कळेपर्यंत पुढचं काम थांबवा. कारखान्याच्या मालकांनी विचारलं, बाहेर कोण बोललं? बोलणारी एकच होती. आठवड्याच्या आत ताईंकडून राजीनामा लिहून घेतला.

मी टिपण पुन्हा उघडून ओळ न् ओळ वाचलं. कुठे नाव राहिलं नव्हतं. जत्रेच्या ओळीवर मात्र अडखळले.

मी माणमध्ये एका शेतकरी कुटुंबाकडे भाड्याने राहते. शेताच्या जागी आता त्यांच्या तीन मजली खोल्या आहेत. मालकीणबाईंचं माहेर पिरंगुटच्या बाजूचं. रविवारी सकाळी त्या अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मावशी, तुमच्या माहेरच्या जत्रेला तिथल्या सगळ्या कंपन्या बंद असतात ना?”

“सगळ्या कुटल्या? येकच,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “देवीचं ठाणं त्या कंपनीच्या आवारात आलंय न्हवं. जमीन देतानाच गावानं लिवून घेतलं, जत्रंदिशी मशिनी बंद अन् फाटक उघडं. पालखी आतनं जाती. बाकीच्या कशाला सुट्टी देत्यात? लई बेरकी हायेत त्या.”

“हे सगळ्यांना माहीत आहे?”

“आता बया! हितल्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय.”

मी तिथेच पायरीवर बसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. आत काही हललंच नाही. मावशींनी एक सूप माझ्यापुढे सरकवलं आणि मी तासभर खडे वेचत राहिले.

दोन दिवसांनी गटाची बैठक होती. ताईंची खुर्ची रिकामी. एकजण म्हणाला, चहाच्या वेळी त्याच कुणाजवळ तरी बोलल्या असतील, त्यांना बोलायची सवयच होती. दुसऱ्याने मान डोलावली. अधिकारी म्हणाले, विश्वासाच्या कामात सैल तोंड चालत नाही. माझ्यासमोर ते टिपण छापील पडलं होतं. हात वर करून ‘त्या ओळीमुळे झालं, ती ओळ माझी’ एवढं म्हणायला दहा सेकंद लागले असते. मी बैठकीचं इतिवृत्त लिहीत राहिले. ‘चर्चा झाली’ असं लिहिलं.

मार्चमध्ये ताईंनी मला कासारसाईच्या धरणावर बोलावलं. त्या तिथे जवळच राहतात. सकाळची वेळ होती, बांधावर फिरायला आलेली माणसं होती. मी सुरुवात केली, “ताई, ते टिपण...”

“मी वाचलं तेव्हाच कळलं मला,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, पोरगी बाहेरची आहे, तिला काय माहीत. उद्या फोन करून सांगेल. मग म्हटलं, परवा सांगेल.”

मला त्यांच्याकडे बघवेना. पाण्याकडे बघत राहिले.

“तिथली नोकरी मला परत नको,” त्या पुढे म्हणाल्या. “पण आजवर तीन ठिकाणी जाऊन आले. तिन्हीकडे चहा पाजतात, छान बोलतात आणि कळवतो म्हणतात. माझं तोंड सैल आहे, असं सगळीकडे पोचलंय. या धंद्यात तेवढं पुरतं. तू फक्त गटाला लिहून कळव, की ताईंनी फोडलं नाही, टिपणात चूक राहिली. एवढंच कर.”

मी हो म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचं ओझं झालं आणि त्याचाही मला राग आला.

दरम्यान सदस्यांकडून माहिती येणं थांबलं होतं. महिन्याच्या अहवालात एकेक कंपनी ‘निरंक’ लिहून पाठवायला लागली. एप्रिलमध्ये सगळ्यांचंच निरंक आलं. एवढ्या कंपन्यांत महिनाभर एकही चोर फिरकला नाही, यावर शेंबडं पोरसुद्धा विश्वास ठेवणार नाही. पण अधिकारी खूश झाले. पौडला एक छोटा समारंभ ठेवून त्यांनी मला शाल आणि नारळ दिला. भाषणात म्हणाले, सरकार आणि उद्योग यांच्यातल्या विश्वासाचं नेतृत्व अशा माणसांमुळे उभं राहतं. टाळ्या झाल्या. मी हात जोडले. शालीची लोकर मानेला टोचत होती, त्यापलीकडे काही जाणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लिहायला बसले. टिपण छान उतरलं. काय घडलं, कोणती ओळ राहिली, ती का ओळखू आली, कुणाची चूक, कुणाची नाही. खाली माझं नाव. वर ताईंचं. मग मी ते पहिल्यापासून वाचलं आणि नेहमीसारखी खोडायला लागले. आमच्या टिपणात नाव नसतं, कुणाचंच नसतं, हा नियम आहे असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं होतं. मला भीती वाटत होती, शाल मिळालेल्या बाईला वाटते तशी. आधी माझं नाव काढलं. मग केंद्र काढलं. जत्रा काढली. आपलं नाव नाही तर ताईंचं तरी कसं ठेवायचं, म्हणून तेही काढलं. शेवटी एवढं उरलं: ‘एका सदस्याच्या माहितीच्या गोपनीयतेचा अनवधानाने भंग झाला. सर्वांनी काळजी घ्यावी.’

पिवळा शिक्का मारून मी ते सगळ्यांना पाठवलं. संध्याकाळपर्यंत सोळा जणांनी ‘पोचलं, आभार’ असं कळवलं. कुणाचं हे कुणीही विचारलं नाही. या वेळी माझ्याकडून एकही खूण राहिली नव्हती.