आदल्या दिवशीचा फोन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की जीभ भलतीकडेच वळते — रस्ते, साहेब, पेट्रोल, सगळ्यांना शिव्या घालून होतात आणि खरी गोष्ट तशीच राहते. आजही तसंच होईल कदाचित.

मी पाण्याचे नमुने गोळा करतो. शहापुरात आमची प्रयोगशाळा आहे. शहापूर-मुरबाडकडच्या विहिरी, बोअरवेल, झरे माझ्या वाट्याला. बाटली निर्जंतुक हवी, तोंडाला हात लावायचा नाही, बर्फाच्या पेटीत ठेवून संध्याकाळच्या आत पोचवायची. हे मी काटेकोर करतो. कोणी बोट दाखवून बघावं! — आणि त्याचाच मला आता संताप येतो. बाटलीला इतकं जपणारा माणूस, आणि —

थांबा. आधी वाडीचं सांगतो. वैशाखऱ्याच्या पुढे डोंगरात एक वाडी आहे. नाव घेत नाही. तिथे एकच विहीर. पावसात वरच्या गोठ्यांचं पाणी थेट तिच्यात उतरतं. पहिल्यांदा नमुना आणला तेव्हा अहवाल आला — पिण्यास अयोग्य. झालं! गावचे पुढारी ऑफिसात येऊन ओरडून गेले, साहेब माझ्यावर ओरडले, आणि वर मलाच पुन्हा नमुना आणायला पिटाळलं. गाडी खाली लावून तो चढ चढायचा, कशासाठी? पुन्हा तेच ऐकायला?

तेव्हापासून मी फोन करू लागलो. आदल्या दिवशी, विहिरीत औषध टाकायचं काम ज्याच्याकडे आहे त्याला. उद्या येतोय — एवढंच. पुढचं त्याला कळायचं. एरवी कोपऱ्यात पडून असलेली जंतुनाशक पावडर त्या संध्याकाळी विहिरीत पडायची आणि माझा नमुना स्वच्छ निघायचा. यात खोटं कुठे आहे? पाणी त्याच विहिरीचं, तपासणी खरी, सही खरी. वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच ऐकवलं. किती सोयीचं, नाही?

विहिरीजवळ हिरामावशीचं घर. दर वेळी मला कोरा चहा देते. वाडीने नळाचं पाणी मागितलं होतं. त्यासाठी बायका तिनेच गोळा केल्या होत्या. मागणी परत आली. विहिरीचं पाणी तपासणीत चांगलं निघतंय, मग नळ कशाला? — असं वरून उत्तर. आणि ते चांगलं कोणामुळे निघत होतं?

गेल्या पावसाळ्यात गेलो तर तिची नात ओट्यावर निजलेली. डोळे हळदीसारखे पिवळे. कावीळ. मावशी माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. चहा पुढे करून म्हणाली, "तू येतोस त्या दिशी पान्याला औषदाचा वास येतो रे. बाकीच्या दिशी नाय. तू रोजच का नाय येत?"

तिला सगळं कळलं होतं, की ती आपली मनापासून म्हणाली? मला विचारायचं धाडस झालं नाही. तेव्हाच सांगता आलं असतं — मावशी, मी फोन करतो म्हणून तो वास येतो. मी "बघतो" म्हणालो. चहा संपवला, विहिरीवर गेलो, बाटली भरली. तोंडाला हात लागू न देता.

पोरगी उठली, पण फार दिवसांनी. नळ अजून आलेला नाही.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर तरी मी थांबलो असेन. मलाही तसंच वाटलं होतं — डोंगर उतरेपर्यंत. पुढच्या फेरीच्या आदल्या दिवशी जेवून उठलो, अंगणात गेलो आणि नंबर लावला. "उद्या येतोय," म्हणालो.