बटाट्याच्या वाफ्यावरचा पाया

पूर्व फिनलंडमध्ये नुर्मेसच्या आसपासच्या वाड्यांमध्ये तैस्तो कार्वोनेनला लोक पाठीमागे 'पुढच्या वर्षी' म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं होतं. वाफेच्या अंघोळीचा सौना बांधायचा असो, सरपणाची कोठी असो, नाहीतर बागेत बसायला एखादी लाकडी खोली, पाया घालायला माणूस तैस्तोच लागायचा. आणि पाया घालून झाला की हातमोजे काढत तो एकच गोष्ट सांगायचा: आता याला एक हिवाळा राहू द्या, खोली पुढच्या वर्षी.

लोक चिडायचे. फळ्या येऊन पडलेल्या असायच्या, पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली असायची. तैस्तो ऐकून घ्यायचा, कॉफी प्यायचा आणि घरी जायचा. आमच्याकडची जमीन म्हणजे उन्हाळ्यात गरीब गाय. हिवाळ्यात तिच्यात मुरलेलं पाणी गोठतं, ती फुगते आणि वर जे असेल ते उचलून धरते. तेही सरळ नाही, एक कोपरा दोन बोटं वर आणि दुसरा जागच्या जागी. म्हणून तैस्तो काळी माती गुडघाभर उपसून टाकायचा, दगड भरायचा, वर जाड खडी घालून धुमसाने ठोकायचा आणि मग दोरी ताणून, पाणसळ लावून एकेक सिमेंटचा ठोकळा बसवायचा. एवढं करूनही त्याचा जमिनीवर विश्वास नव्हता. एक थंडी ती कशी वागते ते बघितल्याशिवाय तो तिच्यावर काही ठेवायला तयार नसायचा.

हा धडा त्याला फुकट मिळाला नव्हता. पंचविशीत असताना त्याने एका शेतकऱ्याचा सौना घाईघाईने एका शरदात उभा करून दिला होता. वसंतात पायाचा एक कोपरा उचलला गेला आणि ऐन ईस्टरच्या शनिवारी दार असं अडकलं की शेतकऱ्याचा धाकटा भाऊ आतच राहिला. शेवटी तो खिडकीतून बाहेर आला, अंगावर सुतळीचा तोडा नसताना, आणि समोर चर्चच्या भजनमंडळातल्या बायका उभ्या. त्या शेतकऱ्याची मुलगी हसून हसून पायरीवर बसली. तीच हेल्वी. पुढच्या वर्षी तैस्तोने पाया पुन्हा घातला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं.

हेल्वीने चाळीस वर्षं गाई सांभाळल्या. पहाटे गोठ्यात, संध्याकाळी गोठ्यात, मधल्या वेळात बाकी सगळं. गाई विकल्या तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती आणि तिने नवऱ्याला सांगितलं की आता मला बसायचंय. बसायला एक खोली हवी, बागेत, तिन्ही बाजूंनी खिडक्या असलेली. तैस्तोला आनंद झाला. तळ्याकाठी उघडा खडक होता, तिथे पाया घालायची गरजच नव्हती. ठोकळे ठेवले की झालं, पंधरा दिवसांत ती आत बसली असती. पण हेल्वीला तळं नको होतं. तळं जन्मभर बघितलं, ते काही बोलत नाही, असं तिचं म्हणणं. तिला खोली रस्त्याच्या कडेला हवी होती, बटाट्याच्या वाफ्यावर. कोण कुणाकडे चाललंय, पोस्टाची गाडी किती उशिरा आली, हे बसल्या जागी दिसलं पाहिजे.

बटाट्याचा वाफा म्हणजे त्या सगळ्या जमिनीतली सर्वांत वाईट जागा. खाली चिकणमाती, वर पाणी धरून ठेवणारी काळी माती. तैस्तोने कपाळाला हात लावला आणि ऑगस्टच्या शेवटी खणायला घेतलं. शेजारचा उर्पो तुरुनेन खणायचं यंत्र घेऊन आला. ही जोडी तीस वर्षांची, उर्पो यंत्र चालवणार आणि तैस्तो त्याला नावं ठेवणार. या वेळी तैस्तोने खड्डा नेहमीपेक्षा दीडपट खोल घेतला, पाणी निघून जायला नळी टाकली, दगड हाताने निवडून भरले. उर्पो म्हणाला की एवढ्या पायावर चर्च उभं राहील. हेल्वीने निवडलेल्या फळ्या उर्पोच्या कोठारात येऊन पडल्या. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ ठोकळे एका पातळीत बसले, आणि तैस्तोने हातमोजे काढून आपलं ठरलेलं वाक्य स्वतःच्या बायकोलाही ऐकवलं. ती म्हणाली, ठाऊक होतं.

त्याच महिन्यात तिचं पोट दुखायला लागलं. शहरातल्या हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी काही लपवलं नाही. स्वादुपिंडात गाठ होती, ती पसरली होती, कापण्यासारखी नव्हती. किती दिवस, असं हेल्वीनेच विचारलं. नाताळ होईल की नाही सांगता येत नाही, असं उत्तर आलं. परत येताना गाडीत दोघं बर्फात वापरायच्या टायरांबद्दल बोलले. यंदा लवकर बदलून घ्यावेत का, एवढंच. घरी येऊन तिने बटाटे उकडायला ठेवले. त्या दिवसानंतर घरात तो विषय निघाला नाही. आमच्याकडे अशा गोष्टी बोलून दाखवायची रीत नाही, आणि त्या दोघांना तर ती मुळीच नव्हती.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका सकाळी कॉफी ओतता ओतता तिने विचारलं.

"म्हाताऱ्या, या शरदातच उभी केलीस तर? माझी खोली."

तैस्तोने कप खाली ठेवला.

"चिकणमाती आहे, हेल्वी. एक थंडी जाऊ दे. वसंतात बघू."

"बरं," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे पाव सरकवला.

लोकांना नंतर वाटलं की म्हातारा आपल्या नियमाला चिकटून राहिला. तसं नव्हतं. नियम गेला खड्ड्यात, असं तो त्या दिवसांत मनातल्या मनात शंभर वेळा म्हणाला असेल. पण ज्या माणसाने चाळीस वर्षांत कुणासाठी घाई केली नाही, त्याने आज बायकोसाठी फळ्या आणल्या तर त्याचा अर्थ तिला लगेच कळला असता. हातोड्याचा पहिला ठोका पडला असता आणि तिने ऐकलं असतं की नवऱ्याने आशा सोडली. वसंतात बघू, यात निदान वसंत होता. तो तिच्याकडून काढून घ्यायची त्याला भीती वाटत होती.

एका कोरड्या दुपारी हेल्वीने त्याला स्वयंपाकघरातली खुर्ची बाहेर न्यायला लावली. ठोकळ्यांच्या मधोमध, खडीवर. अंगावर दोन घोंगड्या घेऊन ती तिथे बसली आणि त्याला थर्मास आणि वेलदोड्याचा पाव आणायला पाठवलं. तो परत आला आणि सरळ तिच्यापाशी चालत गेला, तर ती म्हणाली, "भिंतीतून काय येतोस? दार तिकडे आहे." तो मागे फिरला, वळसा घालून दाराच्या जागेवरून आत आला. "आणि लावून घे, गारठा येतो." तैस्तोने नसलेलं दार लावून घेतलं. दोघांनी कॉफी प्यायली. पोस्टाची गाडी पाऊण तास उशिरा आली, ते तिने समाधानाने नोंदवलं. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तिने हात केला. त्या दुपारी ती जितकी हसली तितकी नंतर हसली नाही.

महिन्याच्या शेवटी बर्फ पडला. तैस्तो रोज सकाळी झाडू घेऊन जायचा आणि पायावरचा बर्फ झाडून काढायचा. बर्फ म्हणजे जमिनीची गोधडी. ती काढली की थंडी खोल शिरते, आणि पाया वाईटात वाईट काय करू शकतो ते कळतं. मग तो आत येऊन हेल्वीच्या पलंगापाशी बसायचा आणि वसंतात काय करायचं ते तिला सांगायचा. आधी खालची चौकट, मग जमिनीच्या फळ्या, खिडक्यांना पांढरा रंग, दाराला निळा. ती ऐकायची. कधी निळ्याऐवजी हिरवा सुचवायची, कधी झोपी जायची.

अठरा डिसेंबरला दुपारी ती गेली. मुलगी सिर्पा आईचा हात धरून बसली होती, तैस्तो दुसऱ्या बाजूला. दफनाच्या वेळी पाद्री बोलत होते आणि तैस्तोचं लक्ष खड्ड्याच्या कडेकडे होतं. माती वीतभर गोठली होती, खाली ओली. आपण हे बघतोय हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली.

मे महिन्यात गोठलेली जमीन पूर्ण सुटली. तैस्तो काही वाफ्याकडे जायचं नाव काढेना, म्हणून उर्पोच एका सकाळी पाणसळ आणि लांब पट्टी घेऊन आला. फळ्या त्याच्या कोठारात पडून होत्या, त्यांचं काय करायचं तेही विचारायचं होतं. दोघांनी मिळून नऊही ठोकळे तपासले. कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे, मग तिरके. उर्पोने दोनदा मोजलं.

"केसभरसुद्धा हललेलं नाही," तो म्हणाला. "चिकणमातीत, बर्फ झाडूनसुद्धा. असा पाया मी जन्मात बघितला नाही."

तैस्तो एका ठोकळ्यावर बसला. "म्हणजे तेव्हाच उभी करता आली असती."

उर्पोने टोपी काढली, परत घातली. तो तोंडाळ माणूस, सहा महिने त्याने एक गोष्ट पोटात ठेवली होती, आणि आता ती ठेवणं त्याला जमेना.

"हेल्वीने फोन केला होता मला. तू शहरात औषधं आणायला गेला होतास त्या दिवशी. म्हणाली, दोन माणसं घेऊन ये आणि एका दिवसात जेवढी होईल तेवढी उभी कर, छप्पर नसलं तरी चालेल. मी येतो म्हटलं. गाडीत फळ्या भरायलाही घेतल्या."

"मग?"

"अर्ध्या तासाने पुन्हा फोन. राहू दे म्हणाली. म्हणाली, तैस्तो रोज येऊन वसंतात काय करायचं ते सांगत बसतो. खोली उभी राहिली तर त्याला सांगायला काही उरणार नाही, आणि मग तो माझ्यासमोर बसून करेल काय? त्याला वाटू दे की मला तो वसंत खरा वाटतो." उर्पोने नाक पुसलं. "तुला सांगू नको म्हणाली होती."

रस्त्यावरून कुणाची तरी गाडी गेली, तिने हॉर्न दिला. तैस्तोने मान वर केली नाही. बराच वेळ तो खडीतले खडे बोटांनी इकडचे तिकडे करत राहिला.

"कधीची गोष्ट?" त्याने विचारलं.

"पहिला बर्फ पडला त्या आठवड्यातली. गुरुवार होता."

तैस्तोने मनात हिशेब केला. त्या गुरुवारपासून ती गेली त्या गुरुवारपर्यंत सात आठवडे होत होते. पाया तयार असेल तर अशी खोली उभी करायला त्याला, एकट्याला, चार दिवस लागायचे.