भिंतीकडची उशी

आमच्या शेजारच्या विमलकाकू गजभिये गेल्याची बातमी मला सकाळी सव्वासात वाजता कळली. वेळ टिपायची सवय वर्तमानपत्राच्या डेस्कवरची; नोकरी सुटली, सवय राहिली. त्यांची सून कीर्ती हॉस्पिटलमधून बोलत होती. "मावशी, आई गेल्या." मग, "रोहन अनयाला घेऊन निघालाय, दुपारी लँड होतील... तिला काय सांगू?" रोहन काकूंचा मुलगा, अनया नऊ वर्षांची एकुलती नात. तिची आणि आजीची भेट काही तासांनी हुकली, कारण ती दूर टेक्सासला राहते. हे अंतर आजाराने पाडलं नव्हतं. ते एका ठरावाने पाडलं होतं.

न्यू जर्सीतल्या आमच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. शेवटची दोन वर्षं काकूही ते घेत नसत. 'हे लोक' एवढंच म्हणत. त्या नागपूरच्या. इथे औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करत त्यांनी नवऱ्यामागे रोहनला एकट्याने वाढवलं. तो लष्करात गेला. हॉलमधल्या बुद्धमूर्तीशेजारी त्याचा गणवेशातला फोटो असे. टेक्सासच्या तळावरून त्याला परदेशी पाठवलं, तेव्हा कीर्ती सात वर्षांच्या अनयाला घेऊन सासूकडे राहायला आली. ज्या शाळेत रोहन शिकला, तिथेच अनयाचं नाव घातलं. तीन महिन्यांनी शाळेच्या मंडळाला शंका आली, कारण कीर्तीच्या गाडीची नंबरप्लेट टेक्सासची होती. इथली सरकारी शाळा गावच्या रहिवाशांसाठी असते. बाहेरचं मूल शिरू नये म्हणून मंडळ तपासनीस पाठवतं.

तपासनीस सकाळी आला. निवृत्त पोलीस, अदबशीर माणूस. रोहनच्या शाळेकडून आलाय म्हणून काकूंना आनंदच झाला. त्यांनी त्याला बसवलं, आल्याचा चहा दिला, गरम पोहे केले, तो नको म्हणत असताना दुसऱ्यांदा वाढले. मग हौसेने सगळं घर दाखवलं. मुलीचा पलंग कुठे आहे, असं त्याने विचारलं. काकू हसल्या. "वेगळा कशाला? ती माझ्याजवळ झोपते. भिंतीकडची उशी तिची." किती दिवस राहणार, या प्रश्नावर कीर्ती म्हणाली, "रोहन येईपर्यंत." दोन्ही उत्तरं खरी होती.

त्याचा अहवाल मी वाचला आहे. घरात मुलीसाठी पलंग नाही. वास्तव्य तात्पुरतं आहे. मुलगी पाहुणी असावी. शेवटचं वाक्य असं: आजीने पूर्ण सहकार्य केलं.

सुनावणीला मी काकूंच्या शेजारी होते. आमच्यात नातवंडं आजीच्या कुशीतच झोपतात, हे त्यांनी नीट सांगितलं. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी ऐकून घेतलं, रोहनच्या देशसेवेबद्दल आभार मानले आणि अनयाला शाळेतून काढण्याच्या बाजूने हात वर केला. बाकीच्या सहाही सदस्यांनी तेच केलं. परत येताना गाडीत मागच्या सीटवरून अनया म्हणाली, "आजी, अ‍ॅम आय अ गेस्ट?" पंधरा दिवसांत कीर्ती तिला घेऊन टेक्सासला परत गेली.

अपील केलं, आणि अकरा महिन्यांनी आम्ही जिंकलो. मंडळाचं चुकलं, असं निकालात स्पष्ट लिहिलं होतं. तोवर कीर्तीला तिकडे नोकरी लागली होती, अनयाला मैत्रिणी मिळाल्या होत्या. मी पेढे घेऊन गेले. काकूंनी डबा उघडला नाही.

"न्याय मिळाला गं. आता सूड बाकी आहे."

"काकू, असं नका बोलू."

"का? म्हातारीने माफच करायचं असतं का?"

मंडळाची सभा दर महिन्याला भरते आणि कोणाही गावकऱ्याला तीन मिनिटं बोलता येतं. काकूंनी सूड घेतला तो याच तीन मिनिटांत. त्या माइकपाशी जात, अहवालातलं पलंगाचं वाक्य वाचत आणि अध्यक्षबाईंना विचारत, "काल रात्री तुमची नात कुठे झोपली?" याला अर्धं मिनिट लागे. उरलेली अडीच मिनिटं त्या तिथेच, अध्यक्षबाईंकडे बघत, न बोलता उभ्या राहत. घंटा वाजली की बसत. बाई आधी कागद चाळत, मग हसून बघू लागल्या, मग घड्याळाकडे पाहू लागल्या. एका महिन्यात त्या आल्याच नाहीत. पुढच्या सभेत काकू म्हणाल्या, "आता मागच्या महिन्याचंही उत्तर बाकी आहे." येताना मी कंटाळून एकदा म्हटलं, "पुढच्या वेळी दुसरं काहीतरी बोला ना." "का? तुला काय ऑर्केस्ट्रा ऐकायचाय? मुकाट्याने ड्राइव्ह कर."

केमो सुरू झाली तरी सभा चुकली नाही. शेवटच्या सभेला मी व्हीलचेअर ढकलत नेली. आवाज उरला नव्हता, म्हणून प्रश्न मी विचारला. बघायचं काम मात्र त्यांनीच केलं... पूर्ण अडीच मिनिटं.

त्या गेल्याच्या चौथ्या दिवशी अध्यक्षबाई घरी आल्या. हातात पांढरी फुलं होती. विमल म्हणजे आपल्या गावाचं वैभव, असं काहीसं त्या बोलल्या. कीर्ती सवयीने उठली आणि तिने चहाचं आधण ठेवलं. मी मागोमाग जाऊन गॅस बंद केला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि पातेलं सिंकमध्ये ओतलं.

बाहेर अनया त्यांना विचारत होती, "डू यू वॉन्ट टू सी माय बेड?" त्यांना नाही म्हणता येईना. मी दारातून बघत होते. काकूंचा पलंग तसाच होता, दोन उश्या, भिंतीकडची लहान, तिच्यावर पिवळा अभ्रा. काकू दर रविवारी तो धूत आणि पुन्हा घालत, दोन वर्षं, त्या उशीवर कोणी डोकं टेकत नसताना. "दॅट्स माइन," अनया म्हणाली. बाई उभ्या राहिल्या. किती वेळ, ते मी घड्याळात पाहिलं.

मग त्या गेल्या. काकूंच्या घरातून पाणीही न पिता गेलेलं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला बरं वाटलं.