भोंगा वाजल्यावरची झडती

“मावशी, पदर झटका. पण हळू. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये नीट यायला हवं,” मॅनेजर म्हणाला.

मी झटकला. टाळ्या पडल्या.

ही नदीकाठची जुनी कागद गिरणी. माझी आई इथं कागदासाठी चिंध्या निवडायची. जुन्या कपड्यांची बटणं कापायची. पितळी बटणं कुणी पळवू नयेत म्हणून सुटी झाली की बायकांनी फाटकात रांगेनं पदर झटकून दाखवायचा. पहारेकऱ्यासमोर. रोज. पुढं गिरणी बंद पडली, गोदाम झालं, आता लग्नं आणि पार्ट्या होतात. मी इथं साफसफाई करते. मालकांनी फाटकाबाहेरची गिरणीची खोली आमच्याकडे राहू दिली, पण घरातलं एक माणूस इथं कामाला हवं, ही अट. गिरणीच्या मागं नदी, पुढं एकच फाटक. तिथं माझीही रोज झडती होते. बटणांसाठी नाही, चमच्यांसाठी.

आज, रविवारी दुपारी कुठल्याशा कंपनीची पार्टी होती. पाहुण्यांना जुनी गिरणी दाखवायची म्हणून आम्हा सहा जणींना भाड्याची लुगडी नेसवली. भोंगा दुरुस्त करून घेतला होता. तो वाजला की आम्ही रांग लावायची आणि झडती द्यायची. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण खोली डोळ्यांपुढं होती.

टाळ्या थांबल्या, तर माझ्या मागं आई उभी.

तिला हल्ली कालचं आठवत नाही. भोंगा आठवला. खोलीतून अनवाणी आली होती. तिनं पदर झटकला, दोन्ही तळहात उघडून मॅनेजरपुढं धरले.

“बघा साहेब, काही नाही.”

पाहुणे हसले. मॅनेजर म्हणाला, “वा! आजींना तर रिहर्सलसुद्धा लागली नाही. पुन्हा एकदा, आजी.”

आईनं पुन्हा पदराला हात घातला. मी तो हात धरला.

“पुरे. तिनं कधी एक बटण उचललं नाही.”

“अहो, खेळ आहे हा. खोली हवी आहे ना तुम्हाला?”

तरी आईचा पदर तिच्या खांद्यावर घातला आणि तिला घेऊन फाटकातून बाहेर पडले, न थांबता. रस्त्यावर आईनं माझा हात सोडवला. फाटकाकडे तोंड करून पदर झटकला. मगच चालायला लागली.

तिची सवय आता जायची नाही.

उद्या मला त्याच फाटकातून कामावर जायचंय. संध्याकाळी त्याच फाटकातून निघायचंय. खोली खाली करा म्हणतील, म्हणू देत. झडती देणार नाही.