राजूरची गाडी गेल्यावर

संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पासाठी मला अकोले तालुक्यातल्या एका छोट्या रुग्णालयात पाठवलं. काम ऐकायला सोपं होतं. साप चावून आलेल्या प्रत्येक रुग्णाची माहिती डॉक्टरांनी सर्पदंश नोंदणीत, म्हणजे मोबाईलवरच्या एका अर्जात भरायची. पण इथून पावसाळाभरात एकही अर्ज पूर्ण होऊन गेला नव्हता. महिनाअखेरपर्यंत गेले नाहीत तर हे रुग्णालय नोंदणीतून वगळलं जाणार होतं आणि माझा प्रकल्पही तिथेच संपणार होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्ष वाया गेलं हे श्रीगोंद्याला आईवडिलांना कसं सांगायचं, ते मला सुचत नव्हतं.

"नोंदणीचं महत्त्व पटवून दे, पटलं की डॉक्टर भरतात," असं ही नोंदणी चालवणाऱ्या आमच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या होत्या. मी एसटीत बसून अख्खं भाषण पाठ केलं. पहिल्याच दिवशी ओपीडी संपल्यावर डॉक्टरांपुढे उभी राहून ते म्हणूनही टाकलं. पन्नाशीचे डॉक्टर डबा उघडता उघडता थांबले आणि सगळं ऐकून घेतलं.

"सिस्टर, यांना आधी चहा द्या," ते म्हणाले. "लांबून पाठ करत आल्यात."

माझे कान तापले. डॉक्टरांनी मोबाईल पुढे केला. त्यात बरेच अर्धवट अर्ज होते आणि सगळे एकाच रकान्यावर अडकलेले. साप चावल्याची नेमकी वेळ, तास आणि मिनिटं. ती भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नव्हतं.

"अंदाजे टाकली तर..." मी चाचरत म्हणाले.

"खोटं लिहू? त्यावरून तुम्ही लोक काढणार, इंजेक्शन किती वेळात मिळालं ते. नाही जमायचं."

"मग रुग्णाला विचारायचं ना, सर."

सिस्टर हसायला लागल्या. "ताई, उद्या तुम्हीच विचारा."

दुसऱ्या दिवशी गवत कापताना पायाला साप चावलेल्या एक मावशी आल्या. इंजेक्शन लागलं, दुपारपर्यंत त्या खाटेवर उठून बसल्या. मी कागद घेऊन जवळ गेले.

"मावशी, साप कधी चावला?"

"सकाळीच की."

"किती वाजले होते?"

"आता मी काय घड्याळ बांधून गेल्ते गवताला? राजूरची गाडी गेली अन् लगेच चावला."

डॉक्टरांनी केसपेपरच्या कोपऱ्यात लिहिलेलं मला दाखवलं: राजूरची गाडी गेल्यावर. "मी असंच लिहून ठेवतो. तुमच्या अर्जात गाडीचा रकाना नाही."

मला घर आठवलं. माझी आई साखर कारखान्याच्या भोंग्यावर दिवस चालवते. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला शेत. हॉस्टेलवर मैत्रिणींनी विचारलं, तुझी आई किती वाजता उठते, तर मी बिनधास्त "पाचला" म्हणायचे. भोंग्याचं सांगायची लाज वाटायची. म्हणजे खोटी वेळ तर मीच भरत आले होते.

संध्याकाळी एसटी स्टँडवर गेले. वाहतूक नियंत्रकांना गाड्यांच्या वेळा विचारल्या.

"बोर्डावरच्या सांगू का खऱ्या?"

"खऱ्या."

त्यांनी रजिस्टर उघडलं. कोणती गाडी कोणत्या दिवशी किती वाजता सुटली, सगळं त्यात होतं. पुढच्या गावांना गाडी किती मिनिटांत पोचते, ते त्यांना तोंडपाठ होतं. मी वही भरून उतरवून घेतलं.

आता मॅडमना फोन करायचा होता. दोनदा लावला आणि दोनदा कापला. तिसऱ्यांदा एका दमात सांगून टाकलं, की डॉक्टर आळशी नाहीत, आपला रकाना चुकलाय, "अर्धा तास इकडेतिकडे" अशी वेळ टाकता आली पाहिजे. "थांब," मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, संपलं.

"लिहून पाठव," त्या म्हणाल्या. "आजच."

चार दिवसांनी अर्ज बदलून आला. डॉक्टरांनी कपाटातून पावसाळ्यातले केसपेपर काढले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एकेक गाडी होती. रोज ओपीडीनंतर मी गाडी वाचायचे, वहीतून वेळ काढायचे आणि डॉक्टर एका हाताने पोळी खात दुसऱ्या हाताने अर्ज भरायचे. तीस तारखेला शेवटचा जुना अर्ज गेला. रुग्णालय नोंदणीत राहिलं.

त्याच दुपारी एक म्हातारे बाबा आले. बोटाला साप चावला होता. इंजेक्शन झालं, जरा स्थिरावले, तेव्हा मी वही उघडून विचारलं, "बाबा, कोणती गाडी गेली होती?"

"आज गाडी आलीच न्हाई."

डॉक्टर स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले.

"मग पोरं शाळेत गेल्ती का, बाबा?"

"व्हय, प्रार्थना चालू हुती."

डॉक्टरांनी खिशातून मोबाईल काढला. मी वही मिटली.