डाळीपुढचा रिकामा रकाना

माझे सासरे, म्हणजे मामंजी, ताटाला नमस्कार करायच्या आधी त्याची उलटतपासणी घेत. मीठ कुठलं, गूळ कुठला, कोणत्या गाडीनं आला, वाटेत कुठं उतरला. रेल्वेच्या मालधक्क्यावर पोत्यांच्या चिठ्ठ्या वाचण्यात त्यांची उभी नोकरी सरली होती. एका लग्नात वरणभाताचा आग्रह करणाऱ्या वधूपित्याला त्यांनी तांदळाचं स्टेशन विचारलं. त्याला सांगता येईना, तेव्हा मामंजी पोतं बघायला थेट कोठीघरात गेले. मागे पंगत खोळंबली.

मध्य प्रदेशाच्या हद्दीवरच्या आमच्या गावात, सिंधीपुऱ्यातल्या घरी हे रोजचं. हिंगाचा काबूलपासूनचा प्रवास आम्हा सगळ्यांना पाठ होता. सासूबाई म्हणत, "हिंग काबूलहून येतो, हे मात्र जळगावच्या पुढं गेले नाहीत."

जळगावला ते जात ते तूरडाळीसाठी. दर दोन महिन्यांनी पॅसेंजरनं जाऊन गिरणीतून स्वतः पिशवी भरून आणत. इकडची डाळ त्यांच्या मते नुसती शिजे, तिकडची विरघळे. या एका जिनसाची चौकशी मात्र त्यांनी कधी केली नव्हती. देवाचं गाव कोण विचारतो?

छप्पन साली राज्यं नव्यानं मांडली. जळगाव मुंबई राज्यातच राहिलं, नागपूरही तिकडं गेलं. आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो, फक्त आमचे कागद नागपूरऐवजी भोपाळला जाऊ लागले. मामंजींना तो डाळीचा अपमान वाटला आणि त्यांनी घर जळगावला हलवायचं ठरवलं. खायचं तिकडचं आणि राहायचं इकडं, हे कुठलं शहाणपण, असं त्यांचं म्हणणं. माझ्या यजमानांनी मान डोलावली. वडिलांपुढं त्यांच्या मानेला दुसरं काम नसे. मला मात्र नुकतीच इथल्या शाळेत नोकरी लागली होती. तिकडं पुन्हा मिळेल, याची हमी कोण देणार?

रडून उपयोग नव्हता, म्हणून मी यादी केली. घरातलं सगळं वाणसामान, पुढे दोन रकाने: कुठून आलं, कसं आलं. ती मामंजींपुढं ठेवून म्हटलं, निम्म्याहून जास्त तिकडचं निघालं तर मी स्वतः ट्रंका भरते.

इतकं सुख त्यांना निवृत्तीनंतर झालं नव्हतं. चार दिवस ते पेन्सिल घेऊन बसले. मीठ खारघोड्याचं, चहा आसामचा, ज्वारी इथलीच, केळी इथलीच. तिकडचं फारसं काही निघेना. शेवटी म्हणाले, "बाकी राहू दे. घर डाळीवर चालतं." आणि डाळीपुढं ठळक अक्षरात 'जळगाव' लिहिलं.

"मामंजी, तिथं गिरणी आहे," मी म्हटलं. "तूर कुठली?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, यादीकडं पाहिलं आणि 'जळगाव' खोडलं. रिकामा रकाना त्यांना सोसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं गेले. संध्याकाळी परतले, चपला काढल्या आणि पाणीसुद्धा न मागता पेन्सिल घेतली. डाळीपुढं लिहिलं: दापोरा.

दापोरा आमच्यापासून बैलगाडीच्या अंतरावर. तिथली तूर आमच्याच स्टेशनवरून जळगावला जाई, गिरणीत साल उतरवी आणि मामंजींच्या पिशवीतून घरी येई. त्यातली कित्येक पोती त्यांनीच गाडीत चढवून घेतली असणार. त्यांनी जळगावकडचं रावेर लिहिलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. मी मुकाट्यानं ट्रंका भरल्या असत्या.

"सूनबाई, ट्रंका राहू दे," एवढंच ते म्हणाले. डाळ मात्र शेवटपर्यंत जळगावहूनच आणली. गिरणी चांगली आहे म्हणत.

मी अजून त्याच शाळेत शिकवते. वाणसामानाच्या यादीत तो रकाना अजून असतो, आणि दुकानदार मला बघून उगाच आत जातो.

शेवटच्या आजारपणात मामंजींना फक्त डाळीचं पाणी चाले. चमचा ओठांशी नेला की ते तोंड मिटून घेत आणि डोळ्यांनीच विचारत.

"जळगावची," मी सांगे.

"म्हणजे दापोऱ्याची," ते म्हणत आणि तोंड उघडत.